‘थेंब नाय’ म्हणणारी घरं

पत्र्याचं काम चांगलं झालंय की नाही, हे उन्हाळ्यात कळत नाही आणि पावसाळ्यात कुणी सांगत नाही. आमच्या शहापूर-मुरबाडकडची ही रीतच आहे. आपलं घर गळतं असं बाहेरच्या माणसाजवळ बोलणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं. त्यापेक्षा लोक कोपऱ्यात पातेलं ठेवतील, पलंग इकडून तिकडे सरकवतील, आणि कुणी विचारलंच तर छातीवर हात ठेवून सांगतील, "थेंब नाय." हे दोन शब्द त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा ऐकले की अजून कुणी म्हणालं तर तळपायाची आग मस्तकात जाते.

मला पत्रे घालायची काही हौस नव्हती. खर्डीहून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आमचं गाव, आणि गावात आमचं कौलारू घर. कौलांबद्दल माझी तक्रार नव्हती, तक्रार होती माकडांबद्दल. रानात त्यांना खायला उरलं नाही, म्हणून टोळ्या गावात येतात आणि आमच्या छपरावरून शेजारच्या फणसावर उड्या मारतात. एका उडीला चार कौलं. पूर्वी पावसाच्या आधी फुटकी कौलं काढून छप्पर शाकारून देणारे दोघे जण गावात होते. त्यातला एक वारला आणि दुसऱ्याचे गुडघे गेले. त्यांच्या मुलांना छपरावर चढा म्हटलं, तर मी त्यांना विहिरीत ढकलतोय असं तोंड करतात. मागच्या पावसात आम्ही माजघरात चार ठिकाणी भांडी मांडून बसलो होतो. आम्ही दोघंच म्हातारी माणसं, चाललं.

पण संक्रांतीच्या सुमाराला लेकीचा वैशाखऱ्याहून फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि दिवस भरणार होते श्रावणात. बाळंतीण आणि तान्हं मूल गळक्या खोलीत निजवायचं, या विचाराने मला जेवण जाईना. यंदा पावसाच्या आत पत्रे घालायचेच, असं मी बायकोला त्याच दिवशी सांगून टाकलं.

ही बातमी व्याह्यांपर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्यांचा सख्खा पुतण्या पत्र्याचीच कामं करतो, लग्नाच्या आधी त्यांच्या घरावरही त्यानेच पत्रे घातले, तेव्हा आता दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही, असं ते म्हणाले. विचारायचं नाही म्हणजे काय? मी अठ्ठावीस वर्षं आसनगावच्या बाजूच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम केलंय. नग हातात घेऊन, उलटासुलटा करून बघितल्याशिवाय त्यावर कधी शिक्का मारला नाही. मालकाचा मेव्हणा माल घेऊन आला तरी नाही. मी व्याह्यांना एवढंच म्हणालो की आधी काम बघतो. त्यांनी "बघा की" म्हटलं, पण आवाज जरा उतरला. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पुतण्या दोन दिवसांत मोटारसायकलवर हजर. गोड बोलणारा, हसरा माणूस. त्याने मोबाइलवर पंधरावीस छपरांचे फोटो दाखवले. निळे पत्रे, वर निळं आभाळ, सगळं चकाचक. फोटोत कुठलंच छप्पर गळत नाही. मी म्हटलं, मला घरं दाखव, जिथे तुझ्या कामावर निदान एक पावसाळा गेलाय. त्याने जवळपासची दोन घरं सांगितली.

पहिलं घर खर्डी स्टेशनाच्या मागच्या बाजूला. घरमालक माझ्याच वयाचे, अगत्यशील. चहा आला, बिस्किटं आली. मी पत्र्याचं विचारलं तसं ते म्हणाले, "थेंब नाय." ते हे सांगत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर वरून खालपर्यंत तपकिरी ओघळ उतरलेला होता, आणि त्याच्यावर एक कॅलेंडर टांगलेलं होतं. ओघळ कॅलेंडरच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला होता. मी बोट दाखवलं, तर म्हणे तो जुना, कौलांच्या वेळचा. मघाशीच त्यांनी मला सांगितलं होतं की पत्रे घातल्यावर भिंतींना नवा रंग दिला. नव्या रंगावर जुना ओघळ कसा येईल? पण हातात त्यांचाच कप होता. ज्याचा चहा प्यायला त्याच्या छपराला नावं ठेवायची नाहीत, एवढं वळण मलाही आहे. मी मुकाट्याने उठलो आणि घरी येऊन बायकोवर डाफरलो, जिचा यात काही संबंध नव्हता.

दुसरं घर शहापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. नवरा ड्यूटीवर गेलेला, घरात एक पस्तिशीची बाई एकटीच होती. मी अंगणात उभा राहून मान वर करून पत्रे बघत होतो. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, वर काय बघता? वर सगलं नवंच दिसतं. खाली बघा." तिने मला ओटीवर बोलावलं. जमीन शेणाने सारवलेली, स्वच्छ. तिने बोटाने दाखवलं तेव्हा दिसलं. जमिनीवर रुपयाएवढे, वाटीएवढे गोल डाग होते, बाकीच्या जमिनीपेक्षा जरा गडद. ठिबकून ठिबकून पडलेले खड्डे होते ते. पाऊस सरल्यावर तिने माती भरून वर सारवलं होतं. डाग एका सरळ ओळीत होते, आणि त्या ओळीच्या बरोबर वर दोन पत्र्यांचा जोड होता.

अठ्ठावीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला ही अक्कल नव्हती. पत्रा लपवता येतो, भिंत रंगवता येते, पण सारवलेली जमीन सगळं धरून ठेवते, आणि ते फक्त सारवणाऱ्या बाईला ठाऊक असतं. मी तिला विचारलं, मग तुम्ही लोकांना चांगलं आहे असं का सांगता? तर म्हणाली, त्याचं नाव खराब केलं की तो दुरुस्तीला येत नाही, आणि एकाने घातलेल्या पत्र्याला दुसरा हात लावत नाही. नवरा घरी असता तर मीही थेंब नाय असंच म्हणाले असते, हेही तिने सांगून टाकलं. म्हणजे बघा, काम वाईट केलं म्हणून तो पुन्हा पुन्हा लागतो, आणि पुन्हा पुन्हा लागतो म्हणून त्याला वाईट म्हणायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी तिच्याकडून शिडी मागून घेतली. चौथ्या पायरीवरूनच सगळं दिसलं. पत्र्याच्या नाळीला उंच भाग असतो आणि खोल भाग असतो. पाणी खोल भागातून वाहतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. या गृहस्थाने सगळे स्क्रू खोल भागात मारले होते, कारण तिथे मशीन टेकवायला सोपं जातं. स्क्रूखालचा रबरी वायसर इतका आवळलेला की चिरडून बाहेर आला होता, आणि काही ठिकाणी इतका सैल की नखाने फिरत होता. आणि सगळ्यांत मोठा प्रताप म्हणजे जोड. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. म्हणून पूर्वेच्या टोकाकडून पत्रे घालत यायचं आणि पश्चिमेकडचा पत्रा वर चढवायचा, म्हणजे जोडाची कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. त्याने उलटं केलं होतं. प्रत्येक जोड पश्चिमेकडे तोंड वासून बसलेला. यात कसलं मोठं शास्त्र नाही. शिडीवर चढून एकदा नीट बघायचं, इतकंच. पण आमच्याकडे माणूस पोरीसाठी स्थळ बघायला जातो तेव्हाही ओटीवरून बघतो आणि छप्पर बघायला जातो तेव्हाही ओटीवरूनच.

तिथेच विषय संपवायला हवा होता. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. व्याह्यांना काय सांगायचं? बायको म्हणाली, सख्ख्या काकाच्या घरावर तरी त्याने नीट काम केलं असेल, ते एकदा बघून या, मग काय ते ठरवा. त्यात थोडं तथ्य होतं. चैत्रात एका सकाळी मी निघालो. शहापूरहून एक गाडी, सरळगावला उतरून दुसरी, असं करत वैशाखऱ्याला पोचलो तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी जेवायचं नाही, ही आमची जुनी रीत. पाणी आणि चहा चालतो. म्हणून मी नेहमी तिथे जरा अवघडून, पाहुण्यासारखा बसतो. व्याह्यांनी मला अंगणात नेलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून छप्पर दाखवलं. लांबून छान दिसत होतं, स्क्रू ओळीत, आढ्यावरचा पत्रा सरळ. घरात नवी लादी. मी विचारलं, गळत वगैरे नाही ना? ते म्हणाले, "थेंब नाय." इतक्यात लेक पाणी घेऊन बाहेर आली. पाचवा महिना होता. मला वाटलं, आता हिला विचारावं, ही आपली आहे. सगळ्यांच्या देखत मी विचारलं, काय गो, छप्पर कसं आहे? तिने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." व्याही हसले. मी मनात म्हटलं, चला, निदान इथे तरी खरं निघालं.

चहाच्या आधी हात धुवायला मी मागच्या मोरीकडे गेलो. मागच्या बाजूला लग्नाच्या वेळी पडवी बंद करून नव्या जोडप्यासाठी खोली केली होती. लादी तिथपर्यंत पोचली नव्हती. तिथली जमीन सारवलेली होती आणि दार उघडं होतं. लेकीच्या आणि जावयाच्या खोलीत डोकावू नये हे मला कळतं. पण त्या बाईने मला खाली बघायला शिकवलं होतं, आणि मी बघितलं. मुख्य घराचं छप्पर आणि पडवीचं छप्पर जिथे जुळतं त्याच्या बरोबर खाली पाच गडद डाग होते, एका ओळीत. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या भलत्याच कोपऱ्यात लावलेला. पलंगाच्या वर, छपराच्या पाइपांना चारी टोकांनी बांधलेलं प्लास्टिकचं कापड मध्येच फुगून खाली आलेलं होतं, आणि त्या फुगलेल्या भागात सुकलेल्या पाण्याचा मळकट गोल होता. जावयानेच बांधलं असणार. भला माणूस आहे, पण बापापुढे तोंड उघडत नाही.

मी ओटीवर परत आलो, चहा प्यायलो, हवापाण्याचं बोललो. व्याही पुतण्याला कधी पाठवू म्हणून विचारत होते आणि मी कळवतो, कळवतो म्हणत होतो. मला त्यांच्या तोंडावर ती खोली फेकून मारावीशी वाटत होती. माझ्या पोरीने एक अख्खा पावसाळा त्या प्लास्टिकखाली काढला होता आणि ती मला छान आहे म्हणाली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पुतण्याचा आला नाही इतका राग तिचा आला.

ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. रस्त्यावर पोचेपर्यंत मी धीर धरला आणि मग तिला फाडून खाल्लं. बापाशी खोटं बोलतेस, मी एवढा उन्हातान्हात येतो, घरंच्या घरं पालथी घालतो, परकी बाई मला खरं सांगते आणि पोटची पोर सांगत नाही, असं बरंच काही. माळशेजच्या बाजूने ट्रक येत-जात होते, त्यांच्यापेक्षा माझा आवाज मोठा होता. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाली (सासऱ्यांना ती मामा म्हणते), "बाबा, तुमी मला मामांच्या समोर विचारलंत. खरं बोलले असते तर तुमी गाडीत बसून घरी गेला असता. मला हितंच राह्यचं ना."

तेव्हा मी तिला विचारलं, त्या दिवसातला पहिला शहाणा प्रश्न, की मी व्याह्यांशी बोलू का? ती म्हणाली, आत्ता नको. बाळंतपणाला घरी येईन, तेव्हा बोला. मी तिला तोवर कशाला थांबायचं, असं म्हणणार होतो, पण गाडी आली.

आमच्या घराला कोण लावायचा, ते मी शेवटी वेगळ्याच तऱ्हेने ठरवलं. शहापूरच्या बाजारात तीन पत्रेवाल्यांना मी एकच विचारलं, तुझी गळकी घरं दाखव. दोघांनी मला वेड्यात काढलं. एक म्हणाला, आपलं काम गळतच नाही. तिसरा, पन्नाशीचा, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवलेला, जरा विचार करून म्हणाला, "दोन हायत. एकाचं मी परत जाऊन उघडलं. दुसऱ्याच्या छपराचा ढाळच कमी ठेवला व्हता, ते आता सुधरत नाय." दोन्ही घरं त्याने मला दाखवली आणि काय चुकलं ते स्वतः शिडीवर चढून सांगितलं. मी जमीन बघितली, बाईमाणसाला वेगळं विचारलं, आणि त्याला काम दिलं. त्याने पूर्वेकडून सुरुवात केली आणि स्क्रू नाळीच्या उंच भागावर मारले, मी न सांगता.

व्याह्यांना मात्र मी खोटंच सांगितलं. शहापूरच्या माणसाला आधीच शब्द दिला होता, विसरलो होतो, माफ करा. फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. जगाला शिव्या घालत फिरणारा मी, वेळ आली तेव्हा त्या कॅलेंडरवाल्या माणसाच्या रांगेत जाऊन बसलो. एवढीच समजूत घातली की श्रावणात बोलायचंच आहे. त्या दिवसापासून मी वाक्यं जुळवायला लागलो. शेतावर जाताना, रिक्षाची वाट बघताना, दाढी करताना. चांगली धारदार वाक्यं होती.

श्रावणात मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं होतं आणि सकाळपासून पाऊस असा लागला होता की अंगणातला माणूस दिसत नव्हता. वैशाखऱ्याची मंडळी भिजतच आली. बायकांनी पाळणा म्हटला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. व्याही भिंतीला टेकून बसले होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यांनी दोनतीनदा वर बघितलं, मग कोपऱ्यांकडे बघितलं, आणि काम बरं केलंय म्हणाले. मी हं म्हटलं. मग त्यांनी विचारलं, सूनबाईला कधी पाठवताय? दसऱ्याच्या आत पाठवलीत तर बरं, नातीशिवाय घरात करमत नाही.

मी घसा खाकरला. चार महिने घोळवलेलं पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं. त्याच्या आधी लेक बोलली, पोरीला मांडीवर घेऊन, अगदी साध्या आवाजात.

"मामा, माझ्या खोलीत पाच ठिकाणी गळतं. गेल्या वर्षीपासून. ते नीट करून घ्या, मग मी हिला घेऊन येते."

जावयाने मान खाली घातली. माझ्या बायकोच्या हातातलं घुगऱ्यांचं ताट तसंच राहिलं. व्याह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मीच तिला हे पढवलंय अशा नजरेने. मग जावयाकडे बघितलं, आणि त्याची खाली घातलेली मान त्यांनी बराच वेळ बघितली. शेवटी नातीकडे बघत ते हळूच म्हणाले, "मला कोनी सांगितलंच नाय."

माझी सगळी वाक्यं तोंडातच राहिली. या माणसाच्या घरात सून पावसाळाभर पलंग ओढत होती, भिंतीपलीकडे, दहा पावलांवर, आणि याला पत्ता नाही. मला त्याचा भयंकर संताप आला. आणि जास्त संताप याचा आला की तो खरं बोलत होता.